देवाची काठी आणि आईचा हात



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्त्याची वसुली झाली, वहीत आकडे लिहून झाले. एक ताई मात्र कोपऱ्यात गप्प बसून होती. दोनदा विचारल्यावर ती बोलली.

तिच्या सात वर्षांच्या मुलानं डाळीच्या डब्यातले वीस रुपये घेतले होते. तिनं विचारलं, तर तो नाही म्हणाला. मग नोट त्याच्या चड्डीच्या खिशात सापडली. हातात लाटणं होतं, त्यानंच तिनं त्याला मारलं. मारता मारता तोंडातून गेलं, "चोरी करतोस? देव तुझा हात झडवील!" दोन दिवसांनी पोराला ताप भरला. तापात तो आपला उजवा हात गोधडीखाली लपवायचा आणि पुन्हा पुन्हा विचारायचा, "आई, झडला का गं हात?"

ताई म्हणाली, "मारलं ते चुकलंच. पण मी देवाचं नाव घेतलं ना, ते मनातून जात नाही."

त्या दिवशी आम्ही कोणीच तिला शहाणपण शिकवायला गेलो नाही. तसलं वाक्य आमच्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी उच्चारलं होतं. देव बघतोय, देव डोळे फोडील, देव पाप देईल. लेकराला वठणीवर आणायला आपला हात कमी पडला की आपण देवाचा हात उसना घेतो.

पुढच्या कार्यक्रमासाठी याच विषयावर बोलायचं ठरलं. आमच्या गटात दोघी-तिघी ख्रिस्ती मैत्रिणी आहेत. त्यांच्यातली एक म्हणाली, "आमच्यात देवाला बापच म्हणतात. त्यामुळे हे भांडण आमच्यात फार जुनं आहे. देव शिक्षा कशी करतो यावर आईबापांनी कशी करायची ते ठरायचं." आम्ही शोधत गेलो, विचारत गेलो, वाचत गेलो. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो. धर्म कोणताही असो, गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरातली आहे.

काठी कशासाठी?

बायबलच्या जुन्या करारात 'नीतिसूत्रे' नावाचं पुस्तक आहे. त्यात सांगितलंय की जो बाप काठी आवरून धरतो तो मुलाचा वैरी आणि जो प्रेम करतो तो वेळीच शिस्त लावतो. या एका वचनाच्या आधारावर शेकडो वर्षं युरोपातल्या घरांत आणि शाळांत पोरांच्या पाठी सोलल्या गेल्या.

पण मूळ हिब्रू भाषेत काठीसाठी जो शब्द आहे, तोच शब्द मेंढपाळाच्या काठीसाठीही येतो. स्तोत्रांच्या पुस्तकातलं तेविसावं स्तोत्र ख्रिस्ती घरांत लहान मुलांनाही पाठ असतं. त्यात देव मेंढपाळ आहे आणि त्याच्या काठीमुळे मेंढराला धीर येतो. आपल्याकडे धनगर वाडे घेऊन येतात तेव्हा बघा. काठी असते ती लांडगा हाकलायला, वाट चुकलेलं कोकरू वळवायला. रोज मेंढरं बडवणारा धनगर आम्ही तरी पाहिला नाही.

दुसरी गोष्ट पापाच्या हिशेबाची. इस्राएलचे लोक बाबिलोनमध्ये बंदिवासात होते, ख्रिस्ताच्या आधी सहाशे वर्षांच्या आसपास. तेव्हा त्यांच्यात एक म्हण होती, तिचा अर्थ असा की आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात आंबले पोरांचे. म्हणजे आधीच्यांच्या पापाची शिक्षा आपण भोगतोय. यहेज्केल नावाच्या संदेष्ट्यानं त्यांना ठणकावून सांगितलं की ही म्हण आता बंद करा. बापाचं पाप मुलाच्या माथी नाही आणि मुलाचं बापाच्या माथी नाही. ज्यानं केलं त्यानं भरावं. आणि ज्यानं केलं तोही वळला, सुधारला, तर त्याचं मागचं देव उकरून काढत नाही. मैत्रिणींनो, न्यायाची ही दोन कलमं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

येशूच्या काळातही लोक असंच विचारायचे. जन्मांध माणूस दिसला की विचारायचे, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं सांगितलं, दोघांचंही नाही. यरुशलेमजवळ शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्यानं विचारलं, ती काय बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? आपल्यातल्या ज्या बायकांच्या पदरी अपंग लेकरू आहे, त्यांना विचारा, गावानं त्यांना काय काय ऐकवलंय. मागच्या जन्मीचं, पोटात असताना ग्रहण पाळलं नाही त्याचं. दोन हजार वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर अजून कित्येक ओसऱ्यांपर्यंत पोचलेलं नाही.

मार चुकव म्हणून प्रार्थना करणारा पोरगा

३५४ साली उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात, ऑगस्टीन नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो ख्रिस्ती धर्मातला फार मोठा विचारवंत झाला. म्हातारपणाकडे झुकताना त्यानं आपल्या आयुष्याची कबुली लिहिली. त्यात तो सांगतो की लहानपणी तो एक प्रार्थना करायचा. शाळेत आज मार बसू नये. आणि त्याचे वळ बघून घरची मोठी माणसं हसायची. आईबापसुद्धा हसायचे.

हे त्यानं चाळिशी ओलांडल्यावर लिहिलं. तोवर तो बिशप झाला होता, आणि ते हसू अजून विसरला नव्हता. पुढे आणखी एका ग्रंथात तो म्हणतो की पुन्हा लहान मूल व्हायचं की मरायचं, असं कोणी विचारलं तर माणूस मरणच पसंत करील.

पण गंमत अशी की याच ऑगस्टीननं शिकवलं की माणसाचं मूल जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येतं. आदामनं केलेली चूक रक्तातून उतरत आलेली आहे, असं त्याचं म्हणणं. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात हा विचार खोल रुजला. मग पुढे कित्येक आईबापांना वाटू लागलं की पाळण्यातलं पोर हट्ट करतं तो हट्ट म्हणजे पापच आणि ते लवकर मोडलं नाही तर पोर नरकात जाईल. लक्षात घ्या, हे मारणारे सगळे दुष्ट नव्हते. बरेच जण घाबरलेले होते. भ्यालेल्या आईचा हात जास्त जोरात बसतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

सोनाराचा हात

आता सातशे वर्षं पुढे या. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात बेक नावाचा मठ होता. तिथे अन्सेल्म नावाचा साधू होता, जन्म १०३३ चा. त्या काळी मठांत लहान मुलं वाढवायला ठेवत. एकदा दुसऱ्या एका मठाचे प्रमुख त्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले. रात्रंदिवस मारतो, तरी पोरं बिघडतच चालली आहेत, असं ते गाऱ्हाणं. अन्सेल्मनं विचारलं, मोठी झाल्यावर ती कशी निघतात? ते म्हणाले, मठ्ठ आणि जनावरासारखी.

अन्सेल्मनं त्यांना झाडाची गोष्ट सांगितली. रोप लावलं आणि चहूबाजूंनी असं कोंडलं की एक फांदी पसरायला जागा नाही, तर काही वर्षांनी काय निघेल? वेडंवाकडं, गुंतलेलं, कामाला न येणारं झाड. मग दुसरा दाखला सोनाराचा. सोन्याच्या पत्र्यावर नक्षी उठवायची तर सोनार नुसते घाव घालत बसतो का? तो हलकेच दाबतो, हळूच ठोकतो, त्याहून हळू उचलून आकार देतो. ते ऐकून मठप्रमुखांनी आपली चूक कबूल केली. अन्सेल्मचा शिष्य एडमर यानं त्याच्या चरित्रात हे लिहून ठेवलंय.

हाच अन्सेल्म पुढे इंग्लंडचा मोठा धर्मगुरू झाला आणि १०९८ साली त्यानं देवाच्या न्यायावर एक ग्रंथ पुरा केला. त्याचा विचार असा की पाप म्हणजे देवाच्या मानाचं देणं थकवणं. एकतर शिक्षा भोगा, नाहीतर भरपाई करा. भरपाई माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून ख्रिस्तानं ती केली. त्या जमान्यातले सरदार आणि रयत यांचे व्यवहार असेच चालत. पुढच्या पिढीत आबेलार नावाच्या पंडितानं वेगळंच सांगितलं की ख्रिस्ताचं मरण म्हणजे प्रेम दाखवून माणसाच्या मनात प्रेम जागवणं. आणखी चारशे वर्षांनी कॅल्व्हिनसारख्या सुधारकांनी शिक्षेवर भर दिला की आपली शिक्षा ख्रिस्तानं आपल्या जागी सोसली. हा वाद ख्रिस्ती लोकांत आजही चालूच आहे. आम्हाला मात्र त्यातला अन्सेल्मचा 'भरपाई' हा शब्द घरात उपयोगी वाटला. पोरानं शेजारणीचा माठ फोडला, तर दोन रट्टे दिल्यानं माठ परत येत नाही. पोराला बरोबर घेऊन जायचं, माफी मागायला लावायची, त्याच्या खाऊच्या पैशातून थोडं भरायला लावायचं आणि उरलेलं आपण घालायचं. म्हणजे चूकही कळते आणि आई पाठीशी आहे हेही कळतं.

एकोणीस लेकरांची आई

आता आपल्यासारख्या एका बाईची गोष्ट. इंग्लंडमधल्या एपवर्थ गावात धर्मगुरूची बायको होती, सुझॅना वेस्ली. जन्म १६६९. एकोणीस लेकरं झाली, त्यातली दहा जगली. नवरा सारखा कर्जात. १७०९ साली घर जळालं, धाकटा जॉन माडीवर अडकला होता, तो कसाबसा वाचला. तिचा जॉन आणि चार्ल्स हे पुढे मेथडिस्ट पंथाचे आधारस्तंभ झाले.

१७३२ साली जॉननं आईला विचारलं, तू आम्हाला कसं वाढवलंस ते लिहून दे. तिनं लांबलचक पत्र लिहिलं. त्यातल्या काही गोष्टी ऐकवत नाहीत. वर्षभराचं मूल झालं की त्याला छडीचं भय आणि हळू आवाजात रडणं शिकवलं, असं ती लिहिते. मुलाची इच्छा आधी मोडली पाहिजे, हे तिचं ठाम मत. हे आम्ही झाकून ठेवत नाही.

पण त्याच पत्रात तिच्या घराचे कायदे आहेत. ते आम्ही बैठकीत वाचले तेव्हा सगळ्या सावरून बसल्या.

मुलं खोटं बोलतात ती भीतीपोटी, हे तिनं ओळखलं होतं. म्हणून ज्यानं चूक कबूल केली आणि सुधारायचं वचन दिलं, त्याला मार नाही. एका चुकीसाठी दोनदा शिक्षा नाही आणि सुधारलेली चूक पुन्हा कधी तोंडावर फेकायची नाही. चांगलं वागलं की कौतुक करायचं. मुलानं मन लावून काही केलं आणि ते जमलं नाही, तरी त्याची नियत बघून गोड बोलून शिकवायचं. घरात ज्याची वस्तू त्याची, टाचणीएवढी असली तरी. दिलेला शब्द पाळायचा. आणि शेवटचा कायदा असा की मुलीला नीट वाचता येईपर्यंत तिला कामाला जुंपायचं नाही. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, मैत्रिणींनो.

शिवाय आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका लेकरासाठी ठेवलेली. गुरुवार जॉनचा. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येकाला आईचा वेगळा वेळ. जॉन मोठेपणीही ती गुरुवारची संध्याकाळ आठवायचा.

पण घरातले कायदे घरातल्याच बापानं मोडले. त्यांची मुलगी हेटी फार हुशार, कविता करणारी. १७२५ साली ती लग्नाचं वचन देणाऱ्या एकाबरोबर निघून गेली, त्यानं फसवलं, ती परत आली. बापानं त्याच वर्षी तिचं लग्न एका नळकाम करणाऱ्याशी लावून टाकलं. तो माणूस तिच्या मनाजोगा मुळीच नव्हता. हेटीनं बापाला पत्रं लिहून माफी मागितली. भाऊ जॉननं तिची बाजू घेतली, तर बाप त्याच्यावरच रागावला. १७३५ साली बाप वारला तोवर त्यानं लेकीला मनापासून जवळ केलं नाही.

तो बाप रविवारी देवळात ज्या पुस्तकातून वाचायचा, त्याच पुस्तकात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. वाटणी घेऊन गेलेला, सगळं उडवून डुकरांमागे फिरलेला मुलगा परत येतो. बाप त्याला लांबून बघतो आणि धावत जातो. मुलाची माफी पुरी होण्याआधीच गळ्यात पडतो. येशूनं देव कसा ते सांगायला ही गोष्ट सांगितली. आम्ही एकमेकींना विचारलं, आपल्या गावात हेटी परत आली, तर धावत जाणारं कोण आहे? बराच वेळ कोणी बोललं नाही.

कोपऱ्यातली काठी आणि फळीवरचा दगड

इटलीत १८१५ साली जॉन बॉस्को जन्मला. दोन वर्षांचा होण्याआधीच बाप गेला. आई मार्गारेटा शेतकरीण, तिनं विधवेपणी मुलं वाढवली. तिच्या घराच्या कोपऱ्यात एक छडी उभी असायची. सांगतात की एकदा तिनं छोट्या जॉनला छडी आणायला सांगितली. त्यानं ती निमूट आणून दिली आणि म्हणाला, आता माझ्याच पाठीवर बसणार. आईला हसू आलं, तिनं त्याला समजावलं, छडी परत कोपऱ्यात गेली. पुढे तो धर्मगुरू झाला आणि तुरीन शहरात रस्त्यावरची, कामाला लागलेली पोरं गोळा करून शिकवू लागला. १८४६ साली आई घरदार सोडून त्या पोरांचा स्वयंपाक करायला आणि कपडे शिवायला तिथे गेली. १८७७ साली त्यानं आपली पद्धत लिहून काढली. तिचं सार असं की कारण समजावून सांगा, श्रद्धा द्या, माया करा. मारू नका, चारचौघांत अपमान करू नका, चूक घडायच्या आधीच मुलाजवळ असा.

दुसरी गोष्ट स्वीडनची. लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांना १९७८ साली जर्मनीत शांततेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा भाषणात त्यांनी ती सांगितली. एका पाद्र्याच्या बायकोनं म्हातारपणी त्यांना सांगितलेली. तरुणपणी तिला मारायला आवडत नसे, पण छडीशिवाय मूल बिघडतं असं तेव्हा सगळे मानत. एके दिवशी लहानग्यानं काहीतरी केलं. ती म्हणाली, जा, बाहेरून छडी घेऊन ये. पोर बराच वेळ आलं नाही. आलं ते रडत. म्हणालं, छडी सापडली नाही, पण हा दगड आणलाय, हा तू मला मारू शकतेस.

त्या आईला एका क्षणात कळलं की पोराच्या लेखी आईला त्याला फक्त दुखवायचंय, मग दगड काय नि छडी काय. दोघं गळ्यात पडून रडले. तो दगड तिनं स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला, स्वतःला आठवण राहावी म्हणून.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, स्वीडननं घरातसुद्धा मुलांना मारायला कायद्यानं बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. कायद्याची माहिती दुधाच्या पुड्यांवर छापली, म्हणजे सकाळी न्याहारीला बसलेल्या आईबापांपर्यंत आणि पोरांपर्यंत ती पोचली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायलाही बंदी करतं. २०१० च्या एप्रिलपासून ते लागू आहे. घरातल्या कायद्याचं मात्र आपल्यालाच बघायचंय.

आमच्या गटानं काय ठरवलं

या सगळ्या गोष्टी आपल्या भाषेत वाचता येतात, त्यात एका बाईचे मोठे कष्ट आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर शेवटची बरीच वर्षं त्यांनी या कामाला दिली. बाईनं स्वतः वाचावं, दुसऱ्यानं सांगितलेल्या भयावर जगू नये, असा त्यांचा ध्यास.

आम्ही काही फार शहाण्या झालो नाही. ऊस तोडून आल्यावर, नवऱ्याचं ऐकून घेतल्यावर, चुलीवर दूध उतू जात असताना पोरानं हट्ट केला की हात अजूनही उठतो. पण गटाच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही पाच ओळी लिहिल्यात.

एक, खरं बोलणाऱ्याला मार नाही. दोन, एका चुकीची शिक्षा एकदाच, आणि ती चूक पुन्हा उकरायची नाही. तीन, जे मोडलं त्याची भरपाई, आईच्या सोबतीनं. चार, मुलगा आणि मुलगी, दोघांना एकच कायदा. पाच, देवाच्या नावानं धाक घालायचा नाही.

पाचव्या ओळीवर चर्चा झाली. एक आजी म्हणाल्या, "देवाचा धाक नको, तर मग पोरं सुधारणार कशी?" त्यांना उत्तर त्याच ताईनं दिलं, जिच्या पोराला ताप आला होता. ती म्हणाली, "आजी, माझं पोर अंधाराला भ्यायचं तेव्हा मी त्याला सांगायचे, देवाचं नाव घे. आता त्या देवाचीच भीती घातली, तर अंधारात ते कोणाला हाक मारील?"

आजींनी मान हलवली. ओळ वहीत राहिली.

त्या रात्री घरी गेल्यावर ताईनं पोराचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि सांगितलं, देव हात झडवत नाही, मी रागात खोटं बोलले, माझं चुकलं. पोरानं विचारलं, "मग वीस रुपये?" ती म्हणाली, "ते तू दर रविवारी कोंबड्यांची खुराडी झाडून फेडायचे." पोरानं फेडले. चौथ्या रविवारी हिशेब पुरा झाला, तेव्हा त्यानं स्वतः येऊन सांगितलं.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं काढा. आपल्याला लहानपणी कशाचा मार बसला, तो अजून आठवतो का, एवढंच एकमेकींना विचारा. मग आपल्या घरासाठी तुमच्या तुम्ही ओळी लिहा. आमच्यापेक्षा वेगळ्या असतील तर आम्हाला कळवा, पुढच्या वेळी वाचून दाखवू.

आता रजा घेतो. लेकरं शाळेतून यायची वेळ झाली.